सैल बटण

शमीम, तुझ्या एप्रनचं एक बटण माझ्याकडे अर्धं लागलेलं आहे. सुई अजून त्यातच अडकली आहे आणि हिरवा दोरा खाली लोंबतो आहे. एप्रन मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आहे. अशा अर्ध्या वस्तू पसरून ठेवायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. एरवी मी सुई काढून डबीत ठेवली असती, दोरा कापला असता, एप्रनची घडी करून कपाटात लावली असती. आज त्याला हात लावायची हिंमत होत नाही.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. तुमच्यात अकरावा नसतो, चाळीसावा असतो, हे तुझ्या भावाने, सलीमभाईंनी, मला तुझ्या गावी, आर्णीला, सांगितलं. पण मला दिवस मोजल्याशिवाय राहवत नाही.

बोलते आहे तुझ्याशी, पण हे वाचतील माझी नातवंडं, ईशान आणि रेवा. तिकडे कॅनडात बसून, एकेक अक्षर लावत. म्हणून साधं लिहिते. तू मुकुटबनच्या आजूबाजूच्या गावांची नर्स होतीस, आमच्या मागच्या खोलीत राहायचीस आणि सुट्टीत आले की त्यांच्या गुडघ्यांना औषध लावायचीस, एवढं त्यांना माहीत आहे. बाकीचं, कुठे जन्मलीस, किती वर्षं नोकरी केलीस, ते मी सांगणार नाही. मला त्यांना बटणाचं सांगायचं आहे. आणि एक फोन यायचा आहे, तो येईपर्यंत हाताला काहीतरी काम हवं.

फोन यवतमाळहून यायचा आहे. मैनाला परवा तिकडे नेलं. पोडावरची, त्या कोलामांच्या वस्तीवरची मैना, शमीम. तुझी मैना. आठवा महिना आहे.

आपलं पहिलं भांडण तुझ्या त्या एप्रनवरूनच झालं होतं, आठवतं? तू नुकतीच राहायला आली होतीस आणि दोरीवर एप्रन वाळत घातला होतास. सहा बटणं, प्रत्येकाचा दोरा वेगळा. एक काळा, एक लाल, एक पिवळा. एक तर गोधडीच्या जाड दोऱ्याने लावलेलं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलींच्या वेण्यांच्या रिबिनी एका रंगाच्या नसल्या तर मला चैन पडायचं नाही.

"अगं, सरकारी एप्रन आहे. निदान दोरा तरी एका रंगाचा लाव."

"तुमी मास्तरीन वो बाई. तुमाले पोट्ट्याही एका लाइनीत लागतेत, अन् बटनंही."

मी तुला पांढऱ्या दोऱ्याचं नवं रीळ आणून दिलं. तू "लय मेहरबानी" म्हणून घेतलंस आणि दोन दिवसांनी ते पोडावर कुणाला तरी देऊन आलीस. मला राग आला होता. मी तुला गबाळी समजत होते, हे आज लिहून टाकते.

खरी गोष्ट रेवाने विचारली, मी नाही. ती सात वर्षांची होती. तुझ्या मांडीवर बसून एकेका बटणावर बोट ठेवत तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांगितलं, "ती विचारते, हे सगळे रंग वेगळे का?"

"हे लाल सुमनचं," तू म्हणालीस. "हे काळं जनाचं, तिचं पोट्टं आता बारावीले हाये. हे गोधडीच्या दोऱ्याचं, तिचं नाव नाई सांगत, ते लाजन. म्या यातलं एकबी नाई लावलं."

"तुला लावता येत नाही का, विचारते आहे."

तू खूप हसलीस. "मले येते वो. त्या बाईले येते का, ते पाहा लागते."

रेवा खेळायला गेल्यावर मी तुला धरून बसवलं आणि सगळं काढून घेतलं. पोटुशी बाई असलेल्या घरी जायच्या आधी, वाटेतल्या झाडाखाली थांबून तू एक बटण दातांनी ओढून सैल करायचीस. मग घरात गेल्यावर, इकडचं तिकडचं बोलता बोलता, "अवो बाप्पा, हे बटन तुटाले आलं, जरा लावून देतं का?" आणि पिशवीतल्या पत्र्याच्या डबीतून सुई-दोरा काढून द्यायचीस. मग नुसती बघत बसायचीस. दोरा सुईत जातो का, की बाजूने जातो. बोटं सुजून बांगड्यांच्या खाली कशी दिसतात. मान किती वेळ खाली राहते, की मधेच कपाळ दाबावंसं वाटतं. पोटुशी बाईचं बी.पी. चढलं की ते आधी इथेच दिसतं, असं तू सांगितलंस.

"पण तू सरळ विचारत का नाहीस? डोकं दुखतं का, दिसतं का नीट?"

"सासू उभी राह्यते वो बाजूले. दुखते म्हनलं तं वणीच्या दवाखान्यात जा लागन, कापूस वेचाले कोन जाईन? मंग ते म्हंते, बरी आहो." तू चहा खाली ठेवलास. "बरी आहो हे उत्तर नाई बाई. ते दार लावल्याचा आवाज हाये."

"मग बी.पी.चं मशीन कशाला आहे?"

"मशीन तं लावतोच. सगळ्याइले लावतो. पन मशीन आजचं सांगते. मी महिन्यातून एकडाव जाते, मधातलं कोन सांगन? अन् एक पाह्यजा तुमी, डोळे खाली असले की बाई बोलते. डोळ्यात पाहून नाई बोलत."

त्या दिवसापासून मी दोऱ्यांबद्दल बोलायचं सोडलं. पण माझा स्वभाव सुटला नाही, आणि तिथेच मी माती खाल्ली.

बदल आले तेव्हा मी खूश होते. आरोग्य उपकेंद्राला नवा रंग लागला, नवी पाटी लागली. तुझी सात रजिस्टरं जाऊन एक टॅबलेट आलं. ती रजिस्टरं मी पाहिली होती शमीम, एकाच बाईचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असायचं. तुला पटलं नाही तरी मी आजही म्हणेन, ते बदलायलाच हवं होतं. तूही मान्य करायचीस. "पहिले रक्त तपासाले वणीले धाडा लागे, आता इथंच होते. गाडी फोन केला की येते. चांगल्याले चांगलं म्हनाले मले काय जाते?"

टॅबलेटमधले इंग्रजी प्रश्न मात्र कुणालाच कळत नव्हते. तालुक्याचा तरुण डॉक्टर एक दिवस माझ्याकडे आला. "मॅडम, तुमचं इंग्रजी पक्कं आहे. हे प्रश्न साध्या मराठीत करून द्या, एका कागदावर. सगळ्या सिस्टर तोच वापरतील." मला किती बरं वाटलं होतं! निवृत्तीनंतर इतकी वर्षं कुणी मला काही काम सांगितलं नव्हतं. मी चार दिवस बसले. स्वच्छ अक्षरात, एका खाली एक. डोकं दुखतं का? अंधुक दिसतं का? हातापायांना सूज आहे का? पुढे होय-नाहीचे चौकोन. आणि अगदी शेवटी, तुला न विचारता, मी माझ्या मनाने एक ओळ घातली. 'सुईत दोरा ओवता येतो का?'

मला वाटलं, माणूस जातं, कागद राहतो. तुझं काम मी जपून ठेवते आहे, असं मला वाटलं.

पुढचं ईशान-रेवाला हसू येईल म्हणून सांगते. त्यांनी हसावं. मुलांनो, आपल्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन. दवाखान्यातली बाई दारात उभी राहून कागदावरून "सुई" म्हणाली की पुढचं कुणी ऐकतच नाही. "नाई वो माय, सुई नोको!" सिस्टरनी खूण केली, नाही. एका घरी नाही, दुसऱ्या घरी नाही, अख्ख्या गावात नाही. ते नजरेच्या त्रासाखाली भरलं गेलं आणि टॅबलेट धोक्याच्या रंगाने लालेलाल झालं. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या आणि कापसाच्या शेतांतून बायका उचलून ग्रामीण रुग्णालयात नेल्या. दुपारी सगळ्या धडधाकट परत. त्यातल्या एकीची सासू माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"काय वो बाई, सुईचं तुमीच लिवलं म्हंते. सुई द्याची तं इथंच द्याची होती ना. गाडीत कायले कोंबलं?"

गाव महिनाभर हसलं. ती ओळ कागदावरून काढून टाकली गेली. पण बैठकीत सगळ्यांना वाटलं की अक्षर माझं असलं तरी ओळ तूच सांगितलेली, कारण सुईवाली सिस्टर म्हणून तूच प्रसिद्ध होतीस. एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, आता ही शिवणकामाची शाळा बंद करा." तू मान खाली घातलीस आणि माझं नाव घेतलं नाहीस. घरी येऊन साहेबांची नक्कल करून दाखवलीस, मला हसवलंस. मी तुझी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मागेन म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात. मग ते राहूनच गेलं. आज मागते. उशीर झाला आहे, पण मागते.

त्या संध्याकाळी आपण जे बोललो ते तिथेच थांबलेलं आहे.

"म्या तुमाले सांगतलं होतं का लिवा म्हनून?"

"पण तू गेल्यावर काय, शमीम? हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात. व्यवस्था अशी एका माणसावर चालते का?"

"लिवलं की ते परीक्षा होते बाई. परीक्षेत कोनबी पास व्हाले पाह्यते. मी गेल्यावर दुसरी येईन, तिले तिचं काही सुचन."

"आणि नाही सुचलं तर?"

तू चहा टाकायला आत गेलीस. शमीम, मी अजून दारापुढच्या त्या ओट्यावर बसून उत्तराची वाट पाहते आहे असं मला वाटतं.

मैनाचं पहिलं बाळ याच काळात गेलं. तुम्हा जुन्या सिस्टरना टॅबलेट पुन्हा शिकायला तीन दिवस तालुक्याला बोलावलं होतं आणि पोडावर जायचा दिवस नेमका त्यातच आला. तुझ्याऐवजी दुसरी कुणी गेली. तिने काही चूक केली नाही, माझ्या कागदावरचे सगळे प्रश्न ओळीने विचारले. मैना म्हणाली, बरी आहो. चौथ्या दिवशी शेतात तिला झटके आले. तू जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन गेलीस, मैना वाचली, बाळ वाचलं नाही. तू कुणालाच दोष दिला नाहीस. परत आल्यावर एप्रन धुतलास आणि अगदी खालचं बटण मुद्दाम ओढून सैल केलंस. ते तसंच एका धाग्यावर लोंबत ठेवलंस, वर्षानुवर्षं. मी बोलायला लागले तर म्हणालीस, "हे मैनाचं हाये. तिच्या पुढच्या बारीले तेच लावन."

तू निवृत्त झालीस तरी ते बटण लोंबतच होतं.

मग तुझ्या जागी प्रणाली आली. सव्वीस वर्षांची, तुझ्याच आर्णीची. स्कूटी जोरात चालवते, मला आजी म्हणते, कामात कसूर नाही. तू तिला डबे पाठवायचीस. मी तुला दहा वेळा म्हटलं, हिला बटणाचं सांग. "सांगतलं तं ते सुई घेऊन परीक्षा घ्याले जाईन. तिले माह्यासंगं येऊ दे, पाहू दे." पण निवृत्त बाईला बरोबर घेऊन जायला तिच्या टॅबलेटमध्ये जागा नव्हती, आणि तुझे गुडघे चालेनात. तिने तुला ते करताना एकदाही पाहिलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

तू गेलीस त्याच्या आदल्या दुपारी आपण ओट्यावर बसलो होतो. माझ्या उशीच्या अभ्र्याची शिवण उसवली होती, ती तू घालून देत होतीस. मी कापडाच्या घड्या करत होते. तू सुईत दोरा ओवायला गेलीस, तो बाजूने गेला. पुन्हा गेलीस, पुन्हा बाजूने. तिसऱ्यांदा तू दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलंस आणि डोळे बारीक केलेस, तरी नाही. मी म्हटलं, "दे इकडे," आणि ओवून तुझ्या हातात दिली.

"चष्म्याचा नंबर वाढला वाटते बाई."

"डोकं दुखतंय का?"

"नाई वो. बरी आहो."

शमीम, मी ते ऐकलं. 'बरी आहो' म्हणजे काय, हे तूच मला शिकवलं होतंस, आणि मी ते ऐकून घड्या करत राहिले. सोमवारी वणीला डोळे दाखवू म्हणाले, आत गेले, कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात लिहिलं, 'शमीम – डोळे'. लिहिल्यावर मला समाधान वाटलं, एक काम ओळीत लागल्याचं.

सकाळी तू दार उघडलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, बी.पी. खूप वाढलेलं असणार. सगळ्या गावाला मशीन लावणारीच्या दंडाला मी एकदाही मशीन लाव म्हटलं नाही. ते मशीन तुझ्या खोलीत खुंटीवर होतं.

आर्णीला मी बायकांमध्ये बसले होते. सलीमभाई दारात आले, "आपा को तकलीफ तो नहीं हुई ना, बाई?" मी म्हटलं, नाही. ते तुझ्यासारखेच मान हलवून गेले. नंतर तुझी पेटी न्यायला इकडे आले तेव्हा एप्रन त्यांनी बाजूला काढला. "ये आप रखो. इसको किसीको हाथ नहीं लगाने देती थी. एक बटन टूटने को आया है, फिर भी."

परवा प्रणाली पोडावर निघाली होती. मैनाची तपासणी होती. मी पिशवीत एप्रन आणि तुझी पत्र्याची डबी घेतली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले.

"आजी, तुम्ही? स्कूटीवर?"

"मला बसता येतं. तू हळू चालव."

रस्ताभर मी तिचा खांदा धरून बसले होते आणि मला वाटत होतं, मी वेडेपणा करते आहे. तुझं एकदा कागदावर आणून मी हसं करून घेतलं होतं. आता पुन्हा काय करायला निघाले होते? पण घरी बसले तर मैनाचं 'बरी आहो' मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

मैना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सासू बाजूला. प्रणालीने कागद काढला, माझाच. माझ्याच अक्षराची छापील प्रत.

"डोकं दुखतं का?"

"नाई ताई."

"अंधुक दिसतं का?"

"नाई."

"काही त्रास?"

"नाई वो ताई. बरी आहो."

प्रणालीने मशीन लावलं. टॅबलेट हिरवं. "काठावर आहे," ती मला म्हणाली, "पण हिरवंच आहे आजी. पंधरा दिवसांनी येऊ." आणि ती पिशवीची चेन लावायला लागली.

मी एप्रन काढला. "मैना, हे शमीम सिस्टरचं. खालचं बटण तुझ्यासाठी ठेवलं होतं तिने. लावून दे."

मैनाने एप्रन दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाशी धरला. मग तिने डबीतून सुई घेतली, हिरवा दोरा घेतला. दोरा बाजूने गेला. पुन्हा बाजूने गेला.

ती रडत होती, शमीम. डोळे भरलेले होते. हा दोरा रडण्याने चुकतो आहे, की डोळ्यांनी? तुझी सुई रडणाऱ्या बाईसाठी नव्हती, आणि तिला रडवलं मीच. आता मला काहीच कळणार नव्हतं. आणि त्या क्षणी माझा हात आपोआप पुढे गेला. 'दे इकडे.' शब्द ओठांपर्यंत आले होते. पोरीला कशाला त्रास, मी ओवून देते.

हात मधेच थांबला. मला ओट्यावरची दुपार दिसली. मी हात मागे घेतला आणि पदराखाली दाबून धरला.

"तोंड धुऊन ये," मी म्हटलं. "घाई नाही."

प्रणाली माझ्याकडे बघत होती. मग ती सासूला म्हणाली, "मावशी, चहा ठेवता का थोडा?" सासू आत गेली. मैना तोंड धुऊन, पाणी पिऊन आली. डोळे कोरडे. पुन्हा दोरा. पुन्हा बाजूने, तिन्ही वेळा डाव्या बाजूने. शेवटी आंधळ्यासारखं बोटाने चाचपून तिने कसाबसा ओवला, मान खाली घालून दोन टाके घातले आणि थांबली.

"दोन दिसून राह्यलं," ती बटणाकडे बघत म्हणाली.

प्रणाली खाली बसली. "काय दोन?"

"बटन. दोन बटनं दिसते. दोन-तीन रोज झाले. मंग जाते आपोआप."

"मग आत्ता विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

"तुमी अंधुक म्हनलं ना ताई. अंधुक नाई दिसत. चांगलं दिसते, पन दोन दिसते."

अंधुक. चार दिवस बसून मी तो शब्द निवडला होता.

प्रणालीने पुन्हा मशीन लावलं. पुन्हा काठावर, पुन्हा हिरवं. लघवी तपासायच्या पट्ट्या केंद्रावर राहिल्या होत्या. तिने मशीन पिशवीत टाकलं आणि गाडीला फोन केला. टॅबलेटने कारण विचारलं, एकाखाली एक कारणं आली, त्यात तिचं कुठलंच नव्हतं. तिने सगळ्यात खालचं 'इतर' दाबलं आणि लिहिलं, 'दोन दिसतात. बटण लावता आलं नाही.'

"अगं, हसतील तुला," मी म्हटलं.

"हसू द्या, आजी."

गाडीत चढताना मैनाने मागे वळून एप्रनकडे बोट केलं. "बाई, बाकीचं आल्यावर मीच लावन. तुमी नोका हात लावू."

येताना स्कूटीवर प्रणालीने विचारलं, "आजी, ती सुईची ओळ तुम्हीच मनाने घातली होती ना? आम्हाला ट्रेनिंगला चुकीच्या प्रश्नाचं उदाहरण म्हणून सांगतात." मी पहिल्यांदा कुणापुढे तरी हो म्हटलं. म्हटलं, "ओळ चुकीचीच होती. माणूस बरोबर होतं." मग घरापर्यंत तिला तुझं सगळं सांगितलं. वाऱ्यात किती ऐकू गेलं, माहीत नाही.

वणीला पोहोचेपर्यंत मैनाचं बी.पी. चढलं होतं. तिथून यवतमाळला नेलं. काल दुपारी मैनाच्या नवऱ्याचा फोन आला, बाळ लवकर काढावं लागेल म्हणतात. त्यानंतर त्याचा फोन बंद आहे. चार्जिंग संपलं असेल, असं प्रणाली म्हणते. मीही तसंच म्हणते आहे.

मला भीती वाटते, शमीम. मुलांना त्यांची आजी धीट वाटते, त्यांना हे कळू दे. मैनाला उशीर झाला असेल याची भीती वाटते. बटण सैल करायचं आता कुणी आठवण ठेवणार नाही, याची वाटते. आणि आठवण राहावी म्हणून मी हे लिहिते आहे तर लिहिल्यामुळेच ते पुन्हा होय-नाहीचा चौकोन होईल, याची जास्त वाटते. मी तुझा हात पाहिला आणि ओळखला नाही. मग ज्यांनी तुला पाहिलंच नाही, त्यांच्याकडून मी काय अपेक्षा करू? तू त्या संध्याकाळी चहा टाकायला आत गेलीस. मला आता वाटतं, तुलाही उत्तर माहीत नव्हतं आणि तुलाही भीती वाटत होती.

आज सकाळी प्रणाली कामावर जाताना फाटकाशी थांबली, फोन आला का विचारायला. तिच्या एप्रनचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. मला राहवलं नाही. "थांब, पडेल ते वाटेत. मी लावून देते."

तिने पटकन त्यावर हात ठेवला. "नको आजी. राहू द्या. मला आज नाल्यापलीकडे तपासणीला जायचंय."

आणि स्कूटी चालू करून गेली.

मी आत आले. कॅलेंडरवर त्या सोमवारच्या चौकोनात 'शमीम – डोळे' अजून तसंच आहे. मी पेन घेतलं आणि त्याच पानावर लिहिलं, 'मैना – बटण'. कुठल्या तारखेच्या चौकोनात लिहावं ते कळेना, म्हणून बाहेर, कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं.